जरा सरकून घ्या!

मुंबईच्या लोकलमधलं बाक तिघांचं. बसतात चौघं. चौथ्याच्या वाट्याला बाकाची कड येते, एक पाय वाटेत, अर्धं अंग हवेत. तरी तो बसतो आणि उरलेले तिघं त्याच्यासाठी आवरून बसतात. ही 'चौथी सीट' रेल्वेच्या कुठल्याही नियमात नाही, डब्यात तिची पाटी नाही. 'जरा सरकून घ्या' एवढे तीन शब्द पुरतात. याच डब्यात दुसरा करार एका शब्दाचा आहे: 'कुठे?' बसलेल्याने 'घाटकोपर' म्हटलं की घाटकोपरनंतर ती सीट विचारणाऱ्याची. मध्ये कितीही माणसं चढली तरी त्या सीटवर दुसरा कुणी हक्क सांगत नाही.

रस्त्यावरच्या आपल्या सवयी गोळा करायला बसले आणि लक्षात आलं, की बहुतेक सगळ्या फिरून फिरून जागेपाशीच येतात. कुणाला किती जागा, कुणी कुणासाठी सरकायचं. 'गाडी घेऊया की बसनेच जाऊया' हा घराघरातला वादही जागेचाच.

दहा बाय बारा

एक कार उभी करायला साधारण अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब जागा लागते. म्हणजे साडेबारा चौरस मीटर, सुमारे १३५ चौरस फूट. चाळीतली दहा बाय बाराची खोली भरते १२० चौरस फूट. ज्या खोलीत आजी-आजोबा, आई-वडील, चार पोरं आणि नोकरीसाठी गावाहून आलेला पुतण्या मावला, जिथे स्टोव्हवर स्वयंपाक झाला, खाटेखाली अभ्यास झाला, लग्नाच्या बोलण्या झाल्या, त्या खोलीपेक्षा रस्त्याकडेला उभी असलेली एक गाडी जास्त जागा घेते. हा हिशेब पहिल्यांदा मांडला तेव्हा मी तो दोनदा तपासला.

एक लोकल रस्त्यावर उतरली तर

गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या लोकलमध्ये साडेचार हजारांच्या आसपास माणसं असतात. समजा ही सगळी कारने निघाली आणि प्रत्येक कारमध्ये दोघं बसली. झाल्या २,२५० कार. चार मीटरची गाडी, पुढच्या गाडीपासून दोन मीटर अंतर. एकामागे एक उभ्या केल्या तर रांग साडेतेरा किलोमीटरची. चर्चगेटला सुरू झालेली ही रांग माहीम ओलांडून पुढे जाते. आणि ती माहीमला पोचेपर्यंत मागून दुसरी लोकल आलेली असते, कारण गर्दीच्या वेळी एकाच मार्गावर तीन-चार मिनिटांना एक गाडी सुटते.

बसचं गणित याहून सोपं. मोठी बस बारा मीटर लांब, म्हणजे तीन कारइतकी. तीन कारमध्ये रोज ऑफिसला जाणारी माणसं मोजा, मग बसमधली मोजा. बसला रस्त्यात स्वतंत्र मार्गिका मागणं म्हणजे जास्तीचं काही मागणं नव्हे. मोजून बघितलं तर ते वाजवीच आहे.

इथे रुमाल आहे

एसटी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल आत पडतो. मागोमाग टोपी, पिशवी, वर्तमानपत्र आणि मामाच्या गावाला निघालेलं एखादं पोरही. आत गेलेल्या पोराचं काम ठरलेलं: दोन्ही हात पसरून बाक अडवायचं आणि विचारणाऱ्या प्रत्येकाला 'माणसं येताहेत' असं सांगायचं. मोठी माणसं धक्के खात दारातून आत येईपर्यंत ते पोर किल्ला लढवतं. मीही लढवलाय. त्या बाकाच्या रेक्झिनचा तापलेला वास अजून आठवतो.

'इथे रुमाल आहे' हे वाक्य म्हणजे जागेचा सातबारा. भांडण फार तर रुमाल आधी कुणाचा पडला यावर होतं. रुमालाने जागा धरता येते का यावर होत नाही.

आता हाच रुमाल शहरात आलेला बघा. सोसायटीबाहेरच्या रस्त्यावर विटा, मोडकी खुर्ची, तुळस वाळून गेलेली कुंडी, डब्यात सिमेंट ओतून उभी केलेली काठी. 'इथे आमची गाडी लागते.' रुमाल आणि कुंडीत फरक आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. रुमालाने धरलेली जागा तिकीट काढलेल्या माणसाची असते आणि गाव आलं की ती सुटते. कुंडीने धरलेला रस्ता सगळ्यांचा असतो आणि तो वर्षानुवर्षं सुटत नाही.

टीटी म्हणजे काय?

दादरला 'टीटी'ला उतरणाऱ्या आजच्या मुलांना विचारून बघा. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. रूळ गेले, घंटा गेली, पण दादरच्या चौकाचं नाव अजून ट्रामच्याच नावाने चालतं.

ही ट्राम सुरू झाली १८७४ मध्ये आणि ती ओढायला घोडे होते. कंपनीच्या पागेत ९०० घोडे होते असं सांगतात. सुरुवातीचं भाडं तीन आणे आणि तिकीट नावाची वस्तूच नव्हती. पुढे भाडं दोन आण्यांवर आलं, आणि फुकटे वाढल्यावर त्याच वर्षी तिकिटं छापावी लागली. म्हणजे मुंबईच्या ट्राममध्ये विनातिकीट प्रवास तिकिटापेक्षा जुना आहे! विजेवरची ट्राम आली १९०७ मध्ये. फ्लोरा फाउंटनच्या डागडुजीच्या वेळी जमिनीखाली ट्रामचे जुने रूळ सापडले.

पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी धावली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी, बस आणि ट्राम दोन्ही महापालिकेच्या झाल्या. 'बेस्ट'ची बस आपली आहे असं मुंबईकर म्हणतो, त्याला हा कागदोपत्री आधारही आहे.

एक जून

महाराष्ट्रात एक जूनला दोन वाढदिवस येतात. १ जून १९३० रोजी दख्खनची राणी, म्हणजे डेक्कन क्वीन, सुरू झाली. पुणे स्टेशनवर नेहमीचे प्रवासी त्या दिवशी गाडीसाठी केक कापतात. बरोबर अठरा वर्षांनी, १ जून १९४८ रोजी, पुणे ते अहमदनगर (आजचं अहिल्यानगर) ही राज्यातली पहिली एसटी सुटली. लाकडी बांध्याची बेडफर्ड गाडी. त्या रस्त्यावरच्या गावांनी तिचं स्वागत ओवाळून केलं होतं.

एसटीच्या प्रवासात वाढलेल्यांना एक सांकेतिक भाषा आपोआप येते. दोरी एकदा ओढली, 'टिंग': गाडी थांबवा. दोनदा, 'टिंग टिंग': चला. कंडक्टर गर्दीत पार मागे अडकलेला, ड्रायव्हरला तो दिसतही नाही, पण दोन टिंगांवर पन्नास-साठ माणसं घाट चढून जातात. सुट्टे नसतील तर कंडक्टर तिकिटाच्या मागे बाकी रक्कम लिहून देतो. ते चार आकडे म्हणजे हुंडी. उतरताना दाखवली की पैसे मिळतात. मागे उभ्या माणसाची शंभराची नोट पाच अनोळखी हातांतून कंडक्टरपर्यंत जाते आणि तिकिटासकट बाकी पैसे त्याच हातांतून परत येतात. गर्दीतल्या माणसांचा एकमेकांवरचा हा विश्वास मला कुठल्याही बंद काचांच्या गाडीपेक्षा मोठा वाटतो.

'हात दाखवा, गाडी थांबवा' ही एसटीची योजना ज्याने आखली त्याला गावचा रस्ता पक्का माहीत होता. थांबा दोन किलोमीटरवर, डोक्यावर भाजीची पाटी, ऊन मी म्हणतंय. हात दाखवला की लालपरी थांबते. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तिकीटच नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी कुठल्याही तालुक्याच्या स्टँडवर उभं राहा. ज्या बायका पूर्वी घरच्या पुरुषांच्या मोटरसायकलीच्या सवडीने निघायच्या, त्या आता स्वतःच्या वेळेने निघताना दिसतात.

बायकांची गाडी

५ मे १९९२ रोजी चर्चगेट–बोरिवली ही बायकांची खास लोकल सुरू झाली. सबंध गाडी बायकांची, अशी जगातली ही पहिली उपनगरी गाडी. लेडीज डब्यातल्या सवयी सांगायच्या तर वेगळा अंकच काढावा लागेल. घरी पोचायच्या आत कुणी मेथी निवडून घेतं, कुणी मटार सोलतं. टिकल्या, क्लिपा, नेलपॉलिश यांचा बाजार डब्यातच भरतो. डोहाळजेवण, निवृत्तीचा निरोप, मुलाच्या दहावीचे पेढे, सगळं ठाणे आणि कल्याणच्या मध्ये. दसऱ्याच्या आदल्या दिवशी डब्याला झेंडूची तोरणं लागतात, आरती होते, प्रसाद वाटला जातो. नव्या कारपुढे आपण नारळ फोडतो, चाकांखाली लिंबं ठेवतो. हीच माया रेल्वेच्या मालकीच्या लोखंडी डब्यालाही मिळते. आपण जिथे रोज बसतो ते आपलंच, मग त्याच्या कागदांवर नाव कुणाचंही असो.

२१४ म्हणजे राम

आपल्याकडे गाडीचा नंबर नुसता नंबर नसतो. एमएच ०९ म्हणजे कोल्हापूर, एमएच ११ सातारा, एमएच १२ पुणे, एमएच १५ नाशिक, एमएच ३१ नागपूर. परक्या शहरात सिग्नलला शेजारी आपल्या जिल्ह्याची पाटी दिसली की काच खाली होते, 'कुठले तुम्ही?' सुरू होतं आणि कधी कधी हिरवा दिवा निघूनही जातो.

इंग्रजी आकडे जरा वळवले की मराठी अक्षरं होतात, हा आपल्या रंगाऱ्यांचा शोध. २१४ चा 'राम', ४९१२ चा 'पवार'. ८०५५ चा तर थेट इंग्रजी 'बॉस'. कायद्यात हे कधीच बसत नव्हतं. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ठरावीक छापाच्या उच्च सुरक्षा पाट्या आल्या आणि मग जुन्या गाड्यांनाही त्या सक्तीच्या झाल्या. रामाचे पुन्हा आकडे झाले. गाडी चोरीला गेलेल्या माणसाला विचारलं तर तो सांगेल की वाचता येणारी पाटीच बरी. माझंही तेच मत आहे, पण त्या रंगाऱ्यांच्या हाताला दाद द्यायलाच हवी.

एक खूण निवृत्त झाली

भर दुपारी समोरून येणारा अनोळखी माणूस हाताचा पंजा उघड-मीट करून जायचा. अर्थ: तुमचा दिवा चालू राहिलाय, बॅटरी उतरेल. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो आणि चालूच राहतो. त्यामुळे ही प्रेमळ खूण आता कालबाह्य होत चालली आहे. तरी जुनी माणसं अजून सवयीने हात उघडतात-मिटतात.

तिची बहीण मात्र जोरात आहे: 'ओ, स्टँड काढा!' दुचाकीचा स्टँड खालीच राहिला असेल तर रस्त्यावरचा प्रत्येक माणूस ओरडतो. रिक्षावाला, भाजीवाली, शाळेतलं पोर. 'ताई, ओढणी!' हीसुद्धा तशीच हाक, चाकात जाणारी ओढणी वाचवणारी. दोन मिनिटांपूर्वी ज्याने आडवी गाडी घातली तोच ओरडून तुमचा जीव वाचवतो. रस्त्यावरच्या माणसाबद्दल कायमचं मत बनवताना हे लक्षात ठेवावं.

ट्रक मागे घेताना क्लीनर गाडीवर थाप मारत म्हणतो, 'येऊ द्या… येऊ द्या… येऊ द्या… बस्स!' गाड्यांना मागे बघणारे कॅमेरे आले तरी या 'बस्स'वर ड्रायव्हरचा जास्त भरवसा आहे.

८५ डेसिबलचा धडा

ट्रकच्या पाठीवरचं 'हॉर्न ओके प्लीज' आपण इतकं वाचलं, की ती विनंती आहे की आज्ञा हेही विसरलो. २०१५ मध्ये राज्याच्या परिवहन खात्याने व्यावसायिक वाहनांवर हे लिहायला बंदी घातली. २०२० च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांनी याहून भन्नाट प्रयोग केला. काही सिग्नलना आवाज मोजणारं यंत्र जोडलं. हॉर्नचा गोंगाट ८५ डेसिबलच्या वर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. जितका हॉर्न, तितकी वाट बघा. त्याच वर्षी दादरच्या काही सिग्नलवर पायी चालणाऱ्या पुरुषाच्या चित्राजागी बाई आली. रस्ता ओलांडणाऱ्यांत निम्म्या बायका असतात हे दिव्यालाही कळलं.

वडाप, पायलट आणि काळी-पिवळी

एसटीचा थांबा आणि घर यांच्यामधलं अंतर प्रत्येक मुलखाने आपल्या पद्धतीने जोडलं. कोल्हापूर-सांगलीकडे वडाप. माणसं भरली की सुटणारी जीप. वेळापत्रक नाही, 'एक सीट, एक सीट' ही आरोळी. गोव्यात पायलट: काळी-पिवळी मोटरसायकल, मागे एकच प्रवासी. गोव्यात हा शब्द ऐकून विमान आठवत नाही, म्हापशाचा बाजार आठवतो. गोव्याची आणखी एक गंमत. पोर्तुगालने १९२८ मध्ये रस्त्याची बाजू बदलली, गाड्या उजवीकडून चालू लागल्या. गोवा तेव्हा पोर्तुगीजांच्याच ताब्यात, पण शेजारचा सगळा मुलूख डावीकडून चालणारा. त्यामुळे गोव्याने डावी बाजू सोडली नाही.

मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आणि शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २००३ ची. २०२३ मध्येच १५ सप्टेंबरला जुन्या डिझेल डबलडेकरचा शेवटचा दिवस झाला होता. त्या दिवशी हारफुलांनी सजलेली बस सोडायला माणसं कामं टाकून आली होती. वरच्या मजल्यावरची पहिली सीट आणि समोरून झाडाची फांदी काचेवर येणं, हे सुख एका पूर्ण शहराने दीड-दोन रुपयांच्या तिकिटात घेतलं होतं.

पुण्याचा हिशेब

पुणं एकेकाळी सायकलींचं शहर होतं. २०१८ मध्ये नोंदलेल्या वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली आणि तिने ३५ लाखांच्या लोकसंख्येला मागे टाकलं. त्यातल्या जवळजवळ तीन चतुर्थांश दुचाकी. तोंडाला स्कार्फ, हातात लांब मोजे, डोळ्यांवर गॉगल अशी स्कूटरवरची मुलगी ही पुण्याची ओळख झाली, ती धूळ-उन्हापायी. डोक्यावर हेल्मेट मात्र आजही वादाचा विषय आहे. मला यात दोन बाजू दिसत नाहीत. डोकं एकच आहे, हेल्मेट घालावं.

विद्यापीठ चौकात उड्डाणपूल बांधला, कोंडी फुटेल म्हणून. जेमतेम दीड दशकात, २०२० मध्ये, तो पाडला, कारण त्या जागी मेट्रो आणि दुमजली पूल हवा होता. आधी गाड्यांसाठी पूल आणि नंतर माणसांसाठी गाडी, हा क्रम उलटा असता तर केवढं सिमेंट आणि केवढी वर्षं वाचली असती! नागपूरने वर्धा रस्त्यावर हे एकाच वेळी साधलं: खाली रस्ता, वर उड्डाणपूल, त्याच्याही वर मेट्रो, दोन्ही एकाच खांबांच्या रांगेवर. ३.१४ किलोमीटरच्या या बांधकामाची गिनीज बुकात नोंद आहे.

गाडीवाल्यांचंही खरं आहे

घरी म्हातारी सासू डायलिसिसला जाते, तिला बसच्या पायऱ्या चढवणं जमत नाही. रात्री दोनला सुटणाऱ्या पाळीनंतर बस नसते. गावात शेवटची एसटी संध्याकाळीच निघून जाते आणि पोराला ताप नेमका मध्यरात्री चढतो. अशा घरातली गाडी म्हणजे हात-पाय. लोकलची गर्दी गोड मानून घ्यावी असंही कुणी सांगू नये. रेल्वेच्या तांत्रिक भाषेत तिला 'सुपर डेन्स क्रश लोड' म्हणतात, एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभी माणसं. वर्षाला दोन हजारांहून जास्त जीव मुंबईच्या रुळांवर आणि दारातून पडून जातात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लटकलेली माणसं पडली ती कामावर निघालेली होती. चौथी सीट देणाऱ्या शहराला दारं बंद होणाऱ्या, पुरेशा गाड्या मिळायलाच हव्यात.

म्हणून 'गाड्या सोडा' हे वाक्य मला अपुरं वाटतं. बस दहा मिनिटांत येणार असेल, थांब्यावर सावली असेल, फुटपाथवर चालता येत असेल, तर सांगावं लागत नाही. किल्ली खुंटीवरच राहते.

जिथे गाडी जात नाही

नेरळहून घाट चढत गेलेली प्रत्येक गाडी, मग ती कुणाचीही असो, दस्तुरी नाक्याला थांबते. माथेरानमध्ये मोटारगाडीला बंदी आहे. पुढे चालत जा, घोड्यावर जा, नाहीतर १९०७ पासून डोंगर चढणाऱ्या छोट्या रेल्वेने जा. तिच्या दोन रुळांमध्ये फक्त दोन फुटांचं अंतर आहे. मोठ्या गाडीतून आलेला माणूस, टॅक्सीने आलेलं कुटुंब आणि कॉलेजची पोरं दस्तुरीला उतरतात, पाठीला पिशव्या लावतात आणि एकाच लाल मातीच्या वाटेला लागतात. पहिली पाच मिनिटं सगळे मोठ्याने बोलत असतात. मग आवाज आपोआप खाली येतात. मागून घोड्याच्या टापा ऐकू आल्या, की पुढचे न बघताच कडेला सरकतात.